डाळिंबी गाठ, बाबांपुरती

आम्ही दोघं भावंडं पाय वर घेऊन खाटेवर बसलो होतो आणि बाबा स्टुलावर चढून खोलीच्या मधोमध पडदा टांगत होते. एका खोलीच्या दोन खोल्या व्हाव्यात म्हणून. "तात्पुरता आहे," ते म्हणाले. तो पडदा एकोणीस वर्षं टिकला.

त्याच आठवड्यात शाळेत भाषेच्या बाईंनी शब्दांचे अर्थ लिहायला सांगितले. मी कॉन्व्हेंटमधली, तिसरीतली. प्रार्थना घडाघडा म्हणायची, पण मराठीत कच्ची. मी लिहिलं, "तात म्हणजे वडील. तात्पुरता म्हणजे वडिलांना पुरेल एवढा." बाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. घरी येऊन मी रडत सांगितलं, तेव्हा दादा हसता हसता खाटेवरून खाली पडला. त्या दिवसापासून आमच्या घरात 'तात्पुरतं' असं काही उरलं नाही. जे थोड्या दिवसांचं, ते 'बाबांपुरतं'. हा शब्द जगात चारच माणसांना ठाऊक होता. आता दोघांनाच आहे.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं बरंचसं त्या शब्दावर उभं आहे. आता रीतसर.

मी, वय वर्षं एकाहत्तर, निवृत्त शिवणप्रमुख, घरात ठमी आणि कामावर 'गाठवाल्या बाई', हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्याशी जुन्या भांडणाचा विषय काढून बघावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुठे सापडलंच तर ते माझं नव्हे.

१. माझं दोन खोल्यांचं घर, त्यातल्या भिंती, खिडक्या आणि न लागणाऱ्या मोरीच्या कडीसह, मी माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला देते. तिने ते विकावं, भाड्याने द्यावं की राहावं, हा तिचा प्रश्न. मात्र कडी दुरुस्त करून घ्यावी. मला ते कधी जमलं नाही.

२. बँकेत जे काही आहे त्यातून माझे अंत्यसंस्कार साधेपणाने करावेत. उरेल ते मी शिकले त्या शाळेच्या शिवणवर्गाला द्यावं. तिथल्या शिवणाच्या सिस्टर माझा टाका वाकडा गेला की ओरडत नसत. कापड माझ्या हातात परत देऊन म्हणत, "उसव बाळ, आणि पुन्हा घाल." पुढे आयुष्यात ज्याला ज्याला लोक उपदेश म्हणतात तो सगळा मला त्या एका वाक्यात आधीच मिळालेला होता.

३. माझं लग्न झालं नाही. याबद्दल कोणाला हळहळ वाटत असल्यास त्यांनी ती माघारी घ्यावी. मी बत्तीस वर्षं एका मोठ्या करमणूक पार्कच्या शिवणखात्यात काम केलं. मुखवट्यांची अस्तरं, वाजंत्र्यांचे कोट, अस्वलाच्या पोशाखाला दर महिन्याला नवं बूड. मुलं त्या अस्वलाला मिठी मारायची, तेव्हा ती माझ्या टाक्यांना मिठी मारत होती. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण दर वेळी मोजलं.

४. पार्कला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मधल्या उंच मनोऱ्याला वर्षभरासाठी सजवायचं ठरलं. कल्पना मागवल्या गेल्या. माझी निवडली. मनोऱ्याभोवती खालपासून वरपर्यंत डाळिंबी रंगाची रुंद रिबीन आणि वर, घड्याळाच्या खाली, एक प्रचंड बो. कापड छत्रीचं, पाऊस झेलणारं. आम्ही सहा बायकांनी घोड्यांच्या चक्राच्या मागच्या शेडमध्ये अकरा आठवडे ते शिवलं. एकेक पाकळी आमच्या शेडपेक्षा लांब होती. दार उघडून ती अंगणात सोडावी लागे आणि एकीला तिच्यावर छत्री धरून उभं राहावं लागे, पक्ष्यांपासून वाचवायला.

व्यवस्थापकांनी सांगितलं होतं, दुहेरी टीप मारा, पक्की. मी साखळी टाका घातला. साखळी टाक्याचं वैशिष्ट्य असं, की वाऱ्याने तो तुटत नाही. पण शेवटचं टोक सोडवून ओढलं की अख्खी शिवण सरसर उसवते. वर्षानंतर ते उतरवायचं होतं ना? मग उतरवण्यासारखं शिवायला हवं. माझ्या बायका म्हणाल्या, "बाई, एवढं सुंदर शिवायचं आणि उसवायची सोय आधीच करायची?" मी म्हणाले, "हो. तीच तर कारागिरी."

५. बो चढला आणि पार्कच्या चाहत्यांमध्ये उभी फूट पडली. वर्षाचा पास काढून दर आठवड्याला येणारे पाचसहाशे लोक होते, जावयापेक्षा मानाचे. त्यातले निम्मे म्हणाले, मनोरा प्रथमच हसला. निम्मे म्हणाले, मनोऱ्याचं पुडकं करून टाकलं. पहिल्यांना नाव पडलं 'बोवाले', दुसऱ्यांना 'पुडकेवाले'. दोघांनी बिल्ले काढले. एक नवराबायको मनोऱ्यासमोरच्या बाकावर पाठीला पाठ लावून बसत, तिला बो दिसे, त्याला कचऱ्याचा डबा, आणि तो म्हणे, "माझं बरं चाललंय." पुडकेवाल्यांनी अर्ज दिला, उद्याच काढा. बोवाल्यांनी अर्ज दिला, कायमचा ठेवा. माझ्या मते दोन्ही अर्ज चूक होते, पण मला कोणी विचारलं नाही.

व्यवस्थापक मात्र चतुर. कौतुकाचं पत्र आलं की "आमची कल्पना", शिव्यांचं आलं की "शिवणखात्याची कल्पना". त्यांना मी माझं टाके उसवायचं छोटं हत्यार देते. टोकाला धार आहे. जपून वापरावं.

६. फाटकाजवळ अभिप्रायाची वही ठेवली होती. ती मी रोज वाचत असे. तिसऱ्या दिवशी कोणीतरी सुटी सुटी, ओळख लपवणारी अक्षरं काढून लिहिलं होतं:

"मनोऱ्याची शोभा त्याच्या उघडेपणात होती. ताठ म्हाताऱ्याला टोपडं घातल्यासारखं झालं आहे. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याने मनोरा कधी नीट पाहिलेला नाही. शिवण मात्र चोख आहे. असो, सगळं बाबांपुरतं आहे, एवढाच दिलासा. – एक जुना पासधारक."

व्यवस्थापकांनी मला बोलावून विचारलं, "हे बाबा कोण? पार्कात कोणी बाबाबिबा येऊन बसतात का?" मी म्हणाले, "माहीत नाही." बत्तीस वर्षांत मी कामावर एवढंच खोटं बोलले.

दादा तेव्हा दर रविवारी घोड्यांच्या चक्रासमोर बसत असे. मी शिवते हे त्याला माहीत होतं. कल्पनाही माझी, हे मी मुद्दामच सांगितलं नव्हतं, कारण मला त्याचं खरं मत हवं होतं. मिळालं. पुढच्या महिन्यात पार्कच्या पत्रकात माझा फोटो आला, खाली 'संकल्पना' असं लिहून. त्या रविवारी तो जेवायला आला, जेवला, स्वतःची कपबशी धुतली, हवेबद्दल बोलला आणि गेला. तेव्हापासून आज एकवीस वर्षं दर रविवारी आमचं हवेबद्दल बोलणं होतं. बोबद्दल एक अक्षर नाही. तोही काढत नाही, मीही नाही. त्याला वाटतं, मला कळलेलं नाही.

७. वर्ष संपलं तेव्हा बो उतरवायला मी स्वतः शिडीच्या पाळण्यातून वर गेले. वय पन्नास, चष्मा दोरीने बांधलेला. खाली बोवाले आणि पुडकेवाले दोन्ही गर्दी करून उभे. मी टोक सोडवलं आणि ओढलं. पाकळ्या एकामागून एक मोकळ्या होऊन खाली आल्या, न फाटता, न अडकता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुडकेवाल्यांनी जास्त, पण टाळी ती टाळी. मला वरून एक टोपी काढलेलं टक्कल दिसलं. ते मी कुठूनही ओळखेन.

आयुष्यात अभिमान वाटावा असं मी काय केलं, असं कोणी विचारलं तर हे: मी एक गोष्ट अशी बनवली, की ती वेळेवर गेली आणि मागे एक ओरखडासुद्धा ठेवला नाही.

८. बोची मधली गाठ मी उसवली नाही. ती मागून घेतली. माझ्या कपाटात, जुन्या चादरीत गुंडाळलेली आहे. तान्ह्या मुलाएवढी, रंग अजून डाळिंबी. ही गाठ मी दादाला देते.

वकीलबाईंनी इथे मला थांबवलं. साक्षीदार म्हणून मी दादाचंच नाव दिलं होतं, आणि त्या म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. एक तर सही, नाही तर वस्तू. मी म्हणाले, "मग त्यालाच ठरवू द्या." म्हणून हा कागद तो येत्या रविवारी वाचेल. त्याने सही केली, तर त्याला गाठ नको आहे असं मी समजेन आणि ती माझ्याबरोबर जाळावी किंवा पुरावी. रागाने नव्हे. टोपडं आवडणं सक्तीचं नाही.

दादा माझ्याआधी गेला तर काय, असंही वकीलबाईंनी विचारलं. तो जाणार नाही. त्याला प्रत्येक गोष्टीत शेवटचा शब्द लागतो.

९. (हे कलम रविवारी दुपारी, दादा समोर बसलेला असताना लिहिलं.)

त्याने चष्मा दोनदा पुसून सगळं वाचलं. सहाव्या कलमाशी बराच वेळ थांबला.

"ठमे, तुला कधीपासून माहीत?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"आणि एकवीस वर्षं मला जेवायला वाढतेस?"

"शिवण चोख आहे असं लिहिलं होतंस ना."

त्याने चष्मा तिसऱ्यांदा पुसला. मग म्हणाला, "ते टोपडंच दिसत होतं."

"दिसू दे."

"सुंदर टोपडं होतं, पण टोपडं."

वकीलबाईंनी पेन पुढे केलं. त्याने ते घेतलं, टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाला, "दुसरा साक्षीदार बघा."

१०. तेव्हा वाटणी पक्की झाली, ती अशी. घर भाचीला. शिवणयंत्र, मोठी कात्री आणि बोटात घालायच्या अंगुस्तानांचा डबा शेडमधल्या त्या पाच बायकांपैकी ज्या हयात असतील त्यांना. चिठ्ठ्या टाकाव्यात, भांडू नये, आणि भांडल्या तर मला चालेल. अभिप्रायाची वही, जी मी निवृत्त होताना कोणाला न विचारता घरी आणली, ती पार्कला परत.

गाठ दादाला. ती कुठे लावायची ते त्याने ठरवावं, किती दिवस ते सुद्धा. मी फक्त सांगून ठेवते: दोऱ्याचं टोक डाव्या कडेला आतल्या बाजूला आहे, तिथे पांढऱ्या खडूची खूण केली आहे. नकोशी झाली की ओढावं. एका दमात सुटेल.

सही: (ठमी)

साक्षीदार पहिला: ही जागा मोकळी सोडली आहे. मोकळीच ठेवावी.
साक्षीदार दुसरे: खालच्या मजल्यावरचे औषधवाले. सही केली.
साक्षीदार तिसऱ्या: समोरच्या दाराच्या निवृत्त परिचारिका. सही केली, चहा घेतला.

ठिकाण: माझं घर, शिवणाचं टेबल.
दिनांक: माझ्या एकाहत्तराव्या वाढदिवसानंतरचा दुसरा रविवार, दुपारी चार. हवा छान आहे. पण आज तिच्याबद्दल कोणी बोललं नाही.