दुसरं इंजेक्शन

पुणे, २४ एप्रिल १९८७

प्रिय सुविधा,

हे पत्र उभ्याउभ्याच वाच, आणि पुढचं वाचायच्या आधी पार्वती नर्सकडे जाऊन तिच्या फ्रीजमधली ती कुपी ओतून टाक. लईराई देवीच्या जत्रेआधी तुझा बाबली धोंड होऊन निखाऱ्यांवरून चालायच्या व्रताला बसला की पाच दिवस देवळाकडेच राहणार, सासूही तिकडेच, घर रिकामं. तेवढ्यात पार्वती शक्तीचं इंजेक्शन समजून दुसरा डोस टोचेल, असा आपला शहाणपणाचा बेत. तो मोडला. टपालाचा भरवसा नाही म्हणून म्हापशाच्या बसच्या कंडक्टरच्या हाती पत्र देतेय. एक डोस तुझ्या अंगात गेलाय. दुसरा जाता कामा नये.

शिगम्याला आले तेव्हा दार-जनेल लावून घेऊन तुला सगळं समजावलं होतं. बाईच्या बीजावर एक पातळ वेष्टन असतं, पुरुषाचं बीज आधी त्यालाच येऊन चिकटतं. त्या वेष्टनातली प्रथिनं डुकरिणीच्या अंडाशयातून काढायची आणि टोचायची, म्हणजे शरीर त्या वेष्टनाशी भांडायला शिकतं नि वाट बंद होते. टोचणं थांबवलं की वर्षा-दोन वर्षांत वाट मोकळी. डुकराचं नाव ऐकून तू नाक मुरडलंस, म्हणालीस की सासूला कळलं तर ती मला विटाळ धुवायला जन्मभर न्हाणीतच बसवील. किती हसलो गो आपण! मूल लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट तिला सापडलं तेव्हाचा तमाशा तुझ्या डोक्यात ताजा होता, तुझं डी.एड.चं वर्ष बाकी होतं. त्यात कोकणी राजभाषा झाल्यापासून मराठी शाळांचं काय होणार याची तुला धास्ती. मला वाटलं, बहिणीसाठी एवढं तरी करावं.

मंगळवारी आमच्या प्रयोगशाळेत हीच लस टोचलेल्या माकडिणींच्या अंडाशयांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली घातले. सहाजणींचे. चौघींच्यात बीजं असायला हवीत तिथे काहीच नाही. मी काच बदलली, पुन्हा पाहिलं, वर्षाला बोलावून तिलाही दाखवलं. ती माझ्याबरोबर काम करते. शरीर वेष्टनाशी भांडून थांबलंच नाही, त्याने आतली बीजंही मारली. आणि बीजं पुन्हा तयार होत नाहीत, बाय. बाई जन्माला येते तेव्हाच सगळी घेऊन येते.

त्यांना तीन-तीन डोस दिले होते, तुला एकच. त्या एकावर माझी सगळी आशा आहे. पण कालच तुझं पत्र आलं, पाळी वीस दिवस चुकलीय, आणि सासू आताच लईराईला बोलून बसलीय की पुढल्या जत्रेला नातू पायांवर घालीन. तिचं खरं निघालं तर मी तुमच्या कोरगावच्या घरापासून देवळापर्यंत अनवाणी चालेन. पण माकडिणींच्या पाळ्याही अशाच चुकल्या होत्या. म्हणून बाबलीला बरोबर घेऊन पणजीच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे जा, त्यांच्यापुढे हे पत्र ठेव. बाबलीलाही सांग. तो चिडेल, आदळआपट करील, पण माणूस वाईट नाही. आणि चिडायचंच तर माझ्यावर चिडू दे.

आता जे लिहायला चार दिवस हात धजत नव्हता ते लिहिते. बाही वर सरकवताना तू मला विचारलं होतंस, बायकांना दिलीय ना ही लस? मी हो म्हटलं. खोटं बोलले, सुविधा. एकाही बाईला दिली नव्हती. पहिली तू. कुपी मी प्रयोगशाळेतल्या सरांना न विचारता आणली होती. आपण काढलेलं औषध चालतंच, याचा मला माज होता. उद्या सर अहवालावर माझी सही घेणार, त्यात ओळ आहे: माणसांवर वापर नाही. मी ती खोडून 'एक' लिहिणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. दुसऱ्या कुणाच्या बहिणीला हे टोचलं जाऊ नये. त्या एकापुढे तुझं नाव घालू की नको, हे मात्र मी ठरवणार नाही. तू सांगशील तोवर ती जागा कोरी राहील. शिव्या घालायच्या तर घाल, त्याही लिही. पण लिही गो.

तुझीच,
देवकीताई