आबांना कुठली गोळी मिळाली

आबा, मी शेवटी हिंजवडीतच कामाला लागले, तुम्हाला हवं होतं तसं. कासारसाईच्या आपल्या शेतातून दिसायच्या त्या इमारतींपैकी एकीत बसते. तुम्ही गेलात तेव्हा माझं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष चालू होतं, म्हणून सांगायचं राहिलं.

मी संख्याशास्त्र घेतलं तेव्हा ‘पोरगी मोठं गणित शिकतीया’ म्हणून तुम्ही गावभर सांगत फिरलात. पुढे खास विषय निवडायची वेळ आली. वर्गातले बरेचजण विमा कंपन्यांच्या नाहीतर बँकांच्या कामाकडे वळले, काही कॉम्प्युटरकडे. मी औषधांच्या चाचण्यांचं गणित निवडलं. एका रविवारी आई भाकरी थापतेय आणि तुम्ही चुलीपाशी बसून मला विचारताय, “ह्यात नेमकं काय शिकत्यात?” मी म्हटलं, भाताचं नवं बी चांगलं का जुनं, हे कसं बघाल?

“एका खाचरात ह्ये, दुसऱ्यात त्ये.”

“आणि कुठल्या खाचरात कुठलं?”

“चांगल्यात नवं. येवढं आणलंय तर वाया कशाला घालवायचं?”

“मग पीक बियाण्यानं आलं का खाचरानं, कसं कळणार? म्हणून चिठ्ठी टाकायची. आणि कापणीपर्यंत कुठल्यात काय पेरलंय ते कुणालाच सांगायचं नाही.”

तुम्ही हसलात. “लई आवघड न्हाई मग तुजं शास्त्र.”

त्याच वर्षी तुमच्या किडन्या बिघडल्या. डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का, असं विचारलं. नेहमीची औषधं सगळ्यांनाच मिळणार होती. त्यांच्या जोडीला निम्म्या लोकांना नवी गोळी, आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली. दादा भडकला, “प्रयोग करायला आपलाच बाप सापडला का?” तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “आपली पोरगी ह्येच शिकतीया. आपुनच न्हाई म्हणलं तर दुसऱ्यानं का व्हय म्हणावं?” मला किती अभिमान वाटला होता त्या वेळी! तुम्हाला भीती वाटते का, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

तपासणीला मी तुमच्यासोबत यायचे. एकदा हिंजवडीच्या चौकात आपली रिक्षा कंपनीच्या गाड्यांमध्ये अडकली. सुजलेले पाय मावत नव्हते म्हणून तुम्ही चपला काढून ठेवल्या होत्या.

“मला कुठली गोळी पडलीया गं?”

“कुणालाच माहीत नसतं, आबा. डॉक्टरांनाही नाही.”

“पर तुला म्हाईत आसंल की. तू तर शिकतीयास.”

“खरंच नाही माहीत.”

तुम्ही माझ्या गुडघ्यावर थोपटलंत. “आसू दे. सांगायचं नसंल तर नको सांगूस. तुमचा नियम मोडू नगंस.”

पुढच्या तपासणीच्या आतच तुम्ही गेलात. पोरीला ठाऊक होतं आणि तिनं सांगितलं नाही, असं समजून गेलात, आणि तरी रागावला नाहीत. रागावला असतात तर मी भांडून पटवून तरी दिलं असतं.

चाचणी संपली. नवी गोळी गुणकारी ठरली. आता डॉक्टर ती सर्रास लिहून देतात. वरच्या आळीतल्या काकू ती घेतात आणि रोज देवळापर्यंत चालत जातात. कुणाला काय मिळालं होतं ते घरच्यांना विचारता येत होतं. मी विचारलं. तुमच्या वाट्याला रिकामी गोळी आली होती. दादाला सांगितलं तर तो उठून गोठ्याकडे गेला. काकूंना चालताना बघितलं की मी दुसरीकडे बघते.

गेल्या आठवड्यात आई काकूंकडे जाऊन आली. हातपाय धुतले आणि माझ्यासमोर बसली. “तुज्या आबास्नी खरी गोळी मिळाली हुती न्हवं?” चाचण्यांच्या नोंदींत कुणी फेरफार केला नाही ना, हे बघण्याचाच मी पगार घेते, आबा. मी म्हटलं, “व्हय, नवीच हुती.” तिनं बराच वेळ पदराने तोंड पुसलं. “मग न्हाई कुनी काय कमी केलं,” म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, हलकं वाटलं. तुम्हाला लिहिलेले हे कागद आता फाडून टाकते. आईला वाचता येतं.