कुमुदप्रभाबाईंची साडी आणि माझं मोठं मन

खासबाग, बेळगाव. ३ जानेवारी १९३८
मिस कुमुदप्रभाचा नवा बोलपट लागला. पहिल्याच दिवशी पाहिला. बाई अप्रतिम. आता महिनाभर टॉकीजची पायरी चढायची नाही. कोर्टातल्या कारकुनाला संयम शोभतो.

४ जानेवारी
पाहिला. काल इंटरव्हलनंतर पुढच्या माणसाचा फेटा आड येत होता, त्यामुळे तो खेळ धरता येत नाही.

७ जानेवारी
धक्का. शेवटच्या सीनमध्ये बाईंनी नेसलेली साडी आमच्या शेजारच्या यमनाप्पानं विणलेली! शहापूरचा व्यापारी सांगून गेला. फिल्म कंपनीच्या माणसानं त्याच्याच दुकानातून नेली म्हणे. यमनाप्पाला बाई कोण हेसुद्धा ठाऊक नाही. मी सांगितलं तर एवढंच विचारलं, काठ नीट दिसतो का?
मला मत्सर अजिबात वाटला नाही. डोकं मात्र सकाळपासून ठणकतंय.

९ जानेवारी
साडी तपासायला पुन्हा गेलो. काठ ठीक आहे. ठीकच. पडद्यावर सगळं करडं, हिरवी की जांभळी कुणाला कळतंय? सोबत आमची बायको रुक्मा होती. म्हणाली, "लई झ्याक इणलीया!" घरी येईपर्यंत तिच्याशी बोललो नाही. थंडी फार होती.

१२ जानेवारी
गल्लीत यमनाप्पा म्हणजे हिरो. भाजीवाली नागुबाई त्याला कोथिंबीर फुकट देते. बाईंचे अकराच्या अकरा बोलपट पाहिलेले मी, मला मात्र वाळकी जुडी. हा गृहस्थ जन्मात एकदा टॉकीजला गेलता, तोही झोपला! ठराव: त्याच्याशी बोलणं बंद. त्याचा माग खटखटायला लागला की आपली खिडकी लावून घ्यायची.

१५ जानेवारी
खिडकी लावली की गुदमरतं. उघडली.

१९ जानेवारी, दुपार
बाई रविवारी बेळगावात! टॉकीजच्या मालकानं बोलावलंय, आणि बाईंना साडी विणणाऱ्याला भेटायचंय. यमनाप्पा घरात कानडी बोलणारा, मराठी बेताचं. मध्ये सांगायला माणूस हवा म्हणून स्वतः माझ्या दारात आला. "अण्णा, तुम्ही या की." अबोला मोडावा लागला. शेजारधर्म मोठा.
कोट इस्त्रीला टाकला. भाषण पाठ करतोय.

२३ जानेवारी, संध्याकाळ
भेट झाली. टॉकीजच्या ऑफिसात. बाई पडद्यापेक्षा ठेंगण्या. मी भाषणासाठी घसा साफ केला, तोच म्हणाल्या, "यांना विचारा हो, एवढा बारीक काठ विणायला किती दिवस लागतात?" विचारलं. नऊ.
"आणि आमचा बोलपट आवडला का?"
यमनाप्पा कानडीत म्हणाला, एकदाच कुठल्याशा खेळाला गेलतो, झोप लागली.
हीच संधी! मी सत्याला स्मरून शब्दन् शब्द सांगितला. वाटलं, आता बाई चिडणार. त्या इतक्या हसल्या की तोंडाला पदर लावावा लागला. म्हणाल्या, "खरं बोलणारा माणूस भेटला बाई एकदाचा!" आणि त्याला वाकून नमस्कार केला.
मग मी म्हणालो, हा बोलपट मी सहा वेळा पाहिला. बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.
"तुम्हाला घरी कामं नसतात का हो?"
तरीही, हे थेट मला उद्देशून. यमनाप्पाशी बोलल्या ते सगळं माझ्यामार्फत. फरक सूक्ष्म आहे, पण आहे.

२४ जानेवारी
रुक्मानं विचारलं, "काय म्हनल्या वो बाई?" म्हटलं, घरची चौकशी केली.

३० जानेवारी
यमनाप्पा पोस्टकार्ड घेऊन आला. बाईंनी त्याला पत्ता दिलाय. कधी दिला, मला कळलंही नाही. त्याला मराठी लिहिता येत नाही, म्हणून तो सांगेल तसं मी लिहिलं: साडी सावलीत वाळवा. घडी मोडून पुन्हा घाला, एकाच रेषेवर ठेवू नका. काठ जपा. यमनाप्पा.
संपलं त्याचं. म्हणाला, "उरल्याल्या जागेत तुम्ही लिवा की अण्णा. तुमाला लई आवड."
अर्धं कार्ड कोरं. तासभर बसलो. टाक दोनदा वाळला. अकरा बोलपट डोळ्यांपुढून गेले, पण बाईंना सांगावं असं एक वाक्य सापडेना. ‘आपला’ एवढं लिहून झालं. तेवढ्यात यमनाप्पा म्हणाला, डाक निघंल. आणि कार्ड उचलून पेटीत टाकून आला.
त्याच्या नावाखाली माझा तो एकटा ‘आपला’ राहिलाय. बाईंना तोही यमनाप्पाचाच वाटणार.