उंच पोरीची बाजू

सर, आज परभणीत मी तुमच्याच तोंडानं भांडून आले. जिल्ह्याच्या मुलींच्या फुटबॉल संघाची निवड होती आणि निवडणारे आम्ही दोघंच, मी आणि तिथले एक जुने प्रशिक्षक. शेवटची एकच जागा उरली होती, पुढच्या फळीतली. माझ्या मनात चारठाण्याकडची एक पोरगी होती, ताडमाड, दारातून वाकून आत येणारी. तिचे आई-बाप आता टोळीबरोबर ऊसतोडीला निघतील. बाप सकाळीच मैदानाच्या कडेला मला सांगून गेला, "मॅडम, टीमात घेतली तर ठिवतो तिला मावशीपाशी, दहावी करंल. न्हाई घेतली तर येऊ द्या आमच्यासंगं." पोरगी शेजारी खाली मान घालून ऐकत होती. ती मान बघून माझं डोकंच फिरलं.

प्रशिक्षक म्हणाले, "उंच पोरगी पुढं ठेवली की बाकीच्या आळशी होतात बघा. मधून पास द्यायचा सोडून नुसत्या तिच्या डोक्यावर बॉल फेकायल्यात. त्यापरीस एखादी चपळ पोरगी घ्या." आता हे अगदीच खोटं नव्हतं. सकाळपासून तेच तर चाललं होतं. जिच्या पायात बॉल येईल तिनं डोळे मिटून उंच मारायचा, आणि ही बिचारी तो डोक्यावर घ्यायचा सोडून मान चुकवायची. पण मी कुठली ऐकतेय! मी म्हणाले, "अहो, चपळ पोरी आपल्याकडं ढिगानं झाल्यात. आणि उंच पोरगी काय गोल मारायलाच असते का? तिला धरून समोरच्या संघातल्या दोघी उभ्या राहतात, म्हणून आपल्या दुसरीला रान मोकळं मिळतं." हे बोलणं तुमचं. मी फक्त आवाज चढवला.

वालूरच्या शाळेचं मैदान आठवतंय ना? गोलाला दोन बांबू होते, वरचा आडवा नव्हताच. बॉल उंचावरून गेला की पोरांची जुंपायची, गोल का बाहेर? मग आठवीतल्या मला हाक यायची. मी बांबूपाशी उभी राहून हात वर करायची. माझ्या बोटांच्या वरून गेला असेल तर बाहेर, खालून गेला असेल तर गोल. मला त्यात मोठा मान वाटायचा, एवढी मी खुळी! तुम्ही नवीनच आला होतात. ते बघितलंत आणि पोरांवर कडाडलात, "कामून रे, पोरगी हाय का मोजपट्टी? खेळायला घ्या तिला." मग माझ्याकडं वळलात. "आन् तू गं, कुबड काढून कामून उभी राहायलीस? सरळ हो आधी." सर, घरी मला वाकून चाल म्हणून सांगायचे. सरळ हो असं म्हणणारे तुम्ही पहिलेच.

तुम्ही घरी आलात तो दिवस तर अजून डोळ्यांपुढं आहे. आई चुलीपुढं भाकरी थापतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसलाय, मी दाराआड. आई म्हणतेय, "आधीच हिच्या जोगता नवरा कुठं घावायचा, सर? त्यात खेळून आणखी वाढली म्हंजी?" तुम्ही अगदी गंभीर तोंडानं म्हणताय, "ताई, उंची कमी करायची गोळी निघाली की मीच घेऊन येतो. तवर खेळू द्या." आई अशी हसली की तव्यावरची भाकर करपली. ती करपलेली भाकर तुम्ही ठेच्याबरोबर खाल्लीत आणि वर "लय भारी" म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून मी मैदानावर.

पुढं परभणीला आम्हा मुलींची पहिली मॅच झाली. ती आम्ही जिंकलो, पण माझा एकही गोल नाही. बसस्टँडवर मी हमसून हमसून रडत होते. तुम्ही भज्यांचा पुडा माझ्या मांडीवर ठेवलात. "येडी का खुळी? त्यांच्या दोघी सारा वेळ तुझ्याच मागं फिरत व्हत्या. त्यांला गुंतवलं कुणी, मी? तू व्हतीस म्हणून बाकीच्यांला गोल करता आला." त्या एका बोलण्यावर मी आजवर ताठ चालत आले, सर. नोकरीच्या मुलाखतीला तशीच गेले, बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं तशीच उभी राहिले. नवरा उंचीनं माझ्या कानापर्यंतच येतो, आणि आमचं झकास चाललंय. हे सगळं तुमचं देणं आहे. तुम्ही होतात तोवर ते म्हणायचं कधी सुचलं नाही.

शेवटी प्रशिक्षकांनी हात जोडले. "घ्या मॅडम, घ्या तुमची जिराफ. हरलो तर तुमच्या नावानं बोंब मारीन." पोरीला जाऊन सांगितलं तेव्हा तिनं आधी मान वर केली. मग हळूच सरळ झाली, आणि मला, मला, वर बघून तिच्याशी बोलावं लागलं.

हे पत्र टाकणार तरी कुठं, म्हणून खरं ते लिहून टाकते. त्या पोरीला धरून आज दोघी उभ्या नव्हत्या. एकच होती, आणि तीही कंटाळलेली. मला ते दिसत होतं, तरी मी रेटून बोलले. परत येताना बसमध्ये डोळे मिटून ती जुनी मॅच आठवत बसले. खूप आठवलं, सर. माझ्यामागं मला एकच पोरगी दिसतेय.