वाट चहानं बघितली

मुरुम, मंगळवार, संध्याकाळ

लोहाऱ्याहून एसटी उशिरा सुटली. बसमध्येच सुनंदाचा मेसेज आला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हल्ली तिला मला इंग्रजीत लिहायची हौस आलीय. "व्हाइल वेटिंग फॉर यू, टी बिकेम कोल्ड."

माझ्यातला मास्तर गप्प बसेल तर शपथ. चपला काढता काढताच सांगितलं, मराठीत 'वाट बघताना चहा गार झाला' चालतं. इंग्रजीत मात्र व्हाइल वेटिंग म्हटलं की पुढं जो कर्ता येतो, तोच वाट बघणारा. म्हणजे इथं चहा. 'व्हाइल आय वॉज वेटिंग' लिहायचं.

"मग बरोबरच हाय की," ती म्हणाली. "तुमची वाट चहानंच बघितली. मी कशाला बघू?"

दहावीच्या पोरांना हाच नियम शिकवत आलोय, असं उत्तर कुणी दिलं नाही. पण चूक होती ना? चूकच होती.

हात धुऊन स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर माझा चहा बशीनं झाकून ठेवला होता. वर साय धरलेली. शेजारी आणखी एक कप, तोही झाकलेला. तिचा. काठोकाठ भरलेला.