बाबांच्या बुटांची पाळी

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतेच समज. पंधरवडा झाला, कंबर धरली आहे. आठांपैकी पाचेक अंगे कशीबशी टेकतील, उरलेल्यांचे तुझ्या भेटीत पाहू.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब उतरला का? त्यांना सांग, की मिठाशिवायही माणसे जगतात, फक्त जरा कमी बोलतात, आणि तुझ्या घरात त्याने कुणाचे नुकसान होणार नाही. इकडे सगळे ठीक. तुझी भावजय माझ्यावर चिडलेली असली की तिची तब्येत उत्तम असते, त्यामुळे सध्या ती फारच ठणठणीत आहे.

तुझे पत्र पोचले. दोन पानभर गुडघा आणि शेवटी एक ओळ, "वर्ष संपले, आता बाबांचे बूट माझ्याकडे पाठव." ओळ वाजवी आहे. पाळी तुझीच आहे. आई गेल्यावर आपण भांडी वाटली, पुस्तके वाटली, तिची खोलीसुद्धा चहा पितापिता वाटली, आणि बुटांपाशी येऊन असे भांडलो की वहिनींना आणि हिला आपल्याला दोन खोल्यांत बसवावे लागले. मग तूच तोड काढलीस, की एक वर्ष तुझ्याकडे आणि एक वर्ष माझ्याकडे. तेव्हापासून बूट डब्यातून येतात आणि डब्यातून जातात. घालायचा प्रश्नच नाही. तुझा पाय त्यांत शिरत नाही आणि माझा त्यांत थांबत नाही. तरी तू त्यांना पॉलिश करतोस, मीही करतो, आणि दुसऱ्याने नीट केले नाही असे दोघेही म्हणतो.

तर दादा, बूट माझ्याकडे नाहीत. घाबरू नकोस, हरवलेले नाहीत. कुठे आहेत हे मला ठाऊक आहे, रोज डोळ्यांनी पाहतो. पण माझ्याकडे नाहीत. हे कसे झाले ते सांगायला थोडे लांबून यावे लागेल, आणि मी लांबून येतो हे तू पन्नास वर्षे सोसतो आहेसच.

तू गेलास तेव्हाचा आपला रस्ता आता राहिला नाही. आपल्या लहानपणी या इमारतीत एकच भाषा होती आणि सगळे तीत मनमुराद भांडत. आता सहा-सात तरी भाषा आहेत आणि कुणीच भांडत नाही, कारण भांडण्याइतके एकमेकांचे शब्द कुणापाशी नाहीत. जिन्यात भेटलो की हसायचे, दार धरायचे आणि आत जाऊन कडी लावायची. ही शांतता निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना बघवेना. (शाळा सुटली, पण बाईंची सुटली नाही.) त्यांनी शेजार समिती काढली आणि ठरवले, की दर रविवारी दुपारी एक पायी फेरी काढायची. आपल्याच रस्त्यातून, आपल्याच जिन्यांतून. ज्याच्या घरी जाऊ त्याने आपले काम दाखवायचे, कुठून आलो ते सांगायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. शहराच्या दुसऱ्या टोकाचे लोकही आले तर उत्तम. वाटाड्या म्हणून मी. नुकताच निवृत्त, बोलका आणि घरात नकोसा, या तिन्ही कसोट्यांना उतरणारा दुसरा कुणी मिळाला नाही.

आता बूट. पहिल्या फेरीच्या आधी बाईंनी माझ्या चपलांकडे नुसते पाहिले. मी घरी येऊन सरळ कपाटावरचा डबा काढला. बाईंचे ते निमित्तच म्हण. खरे कारण वेगळे आहे. बाबा याच रस्त्यातून जन्मभर घरोघरचे विजेचे मीटर वाचत फिरले. कुठलेही दार त्यांना बंद नव्हते. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या मोरीपाशी, कुणाच्या देव्हाऱ्यामागे जाऊन आकडा टिपायचे आणि बाहेर येईपर्यंत त्या घरातल्या म्हातारीची खोकल्याची खबरसुद्धा घेऊन यायचे. मला अनोळखी दार वाजवायची फार भीती वाटते, दादा. तुला माहीत आहे. मला वाटले, ते बूट पायांत असले तर दारे उघडतील. म्हणून पुढे कापूस कोंबला आणि निघालो.

वाटाड्याने लोकांकडे तोंड करून उलटे चालायचे असते, असे बाईंनी कुठेसे वाचले आहे. दीड बोट मोठ्या बुटांत सरळ चालणे ही कसरत आहे, उलटे चालणे हा आत्मघात. मी "हा रस्ता पूर्वी इतका गजबजलेला नव्हता" असे म्हणत एक पाऊल मागे टाकले. मी मागे गेलो, बूट मागे आले नाहीत, आणि मी बेकरीवाल्याच्या ढकलगाडीवरच्या ताज्या पावांच्या ट्रेमध्ये बसलो. कंबर धरली ती तेव्हा. बेकरीवाला भला माणूस. त्याने मला उठवले, पाठीमागचे कण झटकले आणि चपटे झालेले पाव सगळ्यांना वाटून टाकले, आणि मग स्वतःही फेरीत सामील झाला. फेरीतला हा भाग लोकांना सर्वांत जास्त आवडला असे नंतर कळले. काही जण पुढच्या रविवारी तो पुन्हा आहे का, असे विचारत होते.

शेवटचा मुक्काम आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे. त्या जमिनीवर कापड अंथरून बेततात, तेव्हा पादत्राणे बाहेर. इथे पहिला घोळ. काहींच्या घरी जोडे उंबऱ्याबाहेर काढतात, काहींच्या घरी आत, आणि काहींच्या घरी पाहुण्याने जोडे काढणे म्हणजे मुक्कामाला आल्यासारखे. शेवटी सगळ्यांनी काढले, आणि जिन्यात ढीग झाला. बाईंना ढीग पाहवत नाही. जिना अडतो, कुणी पडेल, म्हणून त्यांनी शिंपीणबाईंच्या कपड्यांच्या दोन टोपल्यांत सगळे जोडे भरून तळमजल्यावर पाठवले. आम्ही आत टाचण्या चुकवत एका पायावर उभे होतो, त्यामुळे कुणाला पत्ता नाही.

मग सगळे मोज्यांवर खाली. आणि दादा, तिथे जे झाले ते फक्त आमच्याच रस्त्यात होऊ शकते. टोपल्यांपाशी प्रत्येक जण थांबला आणि म्हणाला, आधी तुम्ही. दुसरा म्हणाला, छे, तुम्ही. प्रत्येकाच्या आईने त्याला आपापल्या भाषेत एकच शिकवले होते, की पहिला हात आपण घालायचा नाही. बराच वेळ कुणीच हलेना. शेवटी बाईंनी दटावल्यावर लोकांनी घाईघाईने, न बघता, हाताला येईल ते उचलले, कारण टोपलीत शोधाशोध करणे म्हणजे शेजाऱ्यावर संशय घेणे. ज्यांना चुकीचे मिळाले त्यांनी, दुसऱ्याला ओशाळे वाटू नये म्हणून, ते हसतमुखाने पायांत चढवले. बेकरीवाला नर्सबाईंच्या चपलांत टाचा बाहेर टाकून गेला. मी सर्वांत शेवटी. टोपलीत एकच जोड उरला होता, नवा कोरा, पिवळसर चामड्याचा. बाबांचे बूट नव्हते.

मी तोच घालून घरी आलो. ही माझ्या पायांकडे बघत राहिली आणि मग जे बोलली ते तुला लिहीत नाही, वहिनी पत्र वाचतात.

पुढचा आठवडाभर आमच्या रस्त्यात एक नवल चालले होते. संध्याकाळ झाली की लोक कुणाचेतरी जोडे हातात धरून दारे वाजवत. "हे तुमचे का?" नसले तरी आत या, बसा. चहा. मग कुणाचे असतील यावर चर्चा. बाईंच्या फेरीत जे ऐकून घ्यायचे होते ते लोकांनी असे ऐकले. मीही दारोदार हिंडलो, कारण मला झोप लागत नव्हती. तुला काय सांगू, हाच विचार रात्रंदिवस. जिन्याखाली वाकून बघ, दारामागे बघ, अनोळखी घरात "जरा बुटांचं फडताळ बघू का?" म्हणून विचार. पहिल्या दोन दारांवरून मी न वाजवताच पुढे गेलो, नंतर सरळ वाजवू लागलो. एका म्हातारीने तर मला मीटर बघायला आलेला समजून सरळ मीटरपाशी नेले. मी आकडा वाचून दाखवला. तेवढेच तिचे समाधान.

आणि मग ते सापडले. समोरच्या बागेत, बाकावर, लिफ्टमन काकांच्या पायांत.

काका तुला माहीत नाहीत, तुझ्यानंतर आले. शिंपीणबाईंच्या समोरचे दार. मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवत होते. गेल्या वर्षी काकू गेल्या आणि त्यानंतर हळूहळू काका जिना उतरायचेच बंद झाले. जन्मभर वरखाली करणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर अडकून बसला. इमारतीने आपापल्या परीने दुःख वाटून घेतले. त्यांच्या दारापुढून सगळे चवड्यांवर चालत. कुणी पेज पाठवी, कुणी सूप. ही तर त्यांच्याशी इतक्या हळू आवाजात बोले की त्यांना वाटे आपले कान गेले. फेरीच्या दिवशी ते फक्त जिन्यावरची चार पावले ओलांडून शिंपीणबाईंकडे आले होते, आणि मग जोड्यांसाठी त्यांनाही सगळ्यांबरोबर मोज्यांवर खाली उतरावे लागले होते.

मी त्यांच्याशेजारी बसलो. माझ्या पायांत त्यांचे, त्यांच्या पायांत बाबांचे. दोघांनीही खाली पाहिले. काका म्हणाले, "हे माझे नाहीत, मला ठाऊक आहे. कुणी मागायला आलं की देईन म्हटलं."

मी विचारले, की मग तुमचे का नाही उचलले? तेव्हा कळले. मुलगा परदेशात असतो. मागच्या खेपेला आला तेव्हा त्याने काकांचे जुने बूट फेकून दिले आणि आपल्या हाताने हे महागडे आणले. बूट चावतात. पहिल्याच दिवशी टाच सोलली. पण मुलगा दर आठवड्याला फोनवर विचारतो, बाबा, बूट घालून फिरायला जाता ना? त्याचा आवाज इतका आनंदी असतो की यांच्याने खरे सांगवत नाही आणि खोटे बोलवत नाही. म्हणून हे घरातच.

"ती गेली त्याचं दुःख आहेच हो," काका म्हणाले. "पण दुःख घेऊन जिना उतरता येतो. ते बूट घालून नाही. हे मात्र... कुणीतरी फार चाललेलं आहे यांत. पाय घातला की आपोआप निघतात."

दादा, मी बूट मागायला गेलो होतो. शब्द तोंडात तयार होते. मी म्हणालो, "तुम्हाला छान दिसतात," आणि घरी आलो.

आता व्यवस्था अशी आहे. पिवळे बूट माझ्या पायाला शिवून घेतल्यासारखे बसतात, ते मी वापरतो. मुलगा फोनवर विचारतो तेव्हा काका सांगतात, की तुझे बूट रोज फिरायला जातात, आणि ते अक्षरशः खरे आहे. काकाही जातात. फक्त दोघे वेगवेगळ्या वेळी. पुढच्या रविवारपासून फेरीत ते माझ्याबरोबर असतील, कारण उलटे चालायला मागे बघणारा एक माणूस हवाच, आणि "सांभाळून, पायरी आहे" हे वाक्य त्यांच्याइतके सवयीने कुणी म्हणत नाही.

तर बूट असे आहेत. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो ठेवायचा की कसे ते खालचे वाचून ठरव.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत बुटांचा रिकामा डबा पाठवला आहे. पाळी चुकवली असे उद्या कुणी म्हणायला नको. वहिनींना त्यात बटणे ठेवता येतील.

ता. क. दुसरा. वर जे लिहायला हवे होते ते लिहिले नाही, ते आता लिहितो. बूट त्यांच्याकडेच राहू देऊ का? मी एकटा हो म्हणू शकत नाही, निम्मे तुझे आहेत. तुला राग येईल हे धरून चाललो आहे. पण एवढे ऐक. बाबांच्या टाचांना लोखंडी नाल होते, आठवतात? मी साफ विसरलो होतो. डब्यातले बूट वाजत नाहीत ना, आणि माझ्या पायांत ते नुसते फरपटले. परवा मी अंघोळ टाळून पेपर वाचत पडलो होतो, आणि जिन्यातून तो आवाज आला. एक जड, एक हलका, वळणावर जरा थांबून. मी पेपर टाकून उठून उभा राहिलो, दादा. या वयात. हिने विचारले काय झाले, तर मी नुसते जिन्याकडे बोट दाखवले. तू ये. एक सकाळ इथे बस आणि ऐक. मग बूट परत मागायचे असतील तर तू माग, माझ्याच्याने होणार नाही.

ता. क. तिसरा. येताना जुन्या चपला घालून ये. इथून जाताना त्याच मिळतील अशी खात्री देता येत नाही. अजून बरेच लिहायचे होते, पण पुरे करतो. बाबा उतरताहेत आणि माझी अंघोळ व्हायची आहे.