जागा नंबर सातचं जळण

एल्डर फ्लॅट, आयडाहो
९ जून १९८६

ती. आर्डिथताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

देवाच्या कृपेने परवा सुखरूप पोचलो. नेब्रास्कापासून इथपर्यंत ट्रेलर ओढताना गाडी दोनदा तापली, मी एकदा. पण आता सगळे थंड आहोत.

फॉरेस्टखात्याचा हा तळ नदीच्या अगदी कडेला आहे. तंबू ठोकायला चौदा जागा, प्रत्येकीला एक लाकडी मेज आणि विस्तवासाठी जमिनीत पुरलेलं लोखंडी कडं. आम्ही यजमान. म्हणजे पगार नाही, पण उन्हाळाभर ट्रेलरला जागा फुकट. त्या बदल्यात आल्या-गेल्याची विचारपूस, संडास धुणं, कचरा, आणि महिनाअखेर रेंजरबाईंना अहवाल. संडासाचं ऐकून नाक मुरडू नकोस. चर्चच्या तळघरात मी वीस वर्षं तेच केलं आहे.

तुला खरी बातमी हवी असेल ती यांची. धान्याच्या कोठारावरून निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं हे खिडकीशी कसे बसून असायचे, तू पाहिलंस. जेवायला चला म्हटलं की यायचे, एवढंच. काल सकाळी मी भांडी घासत होते तर बाहेर कुणीतरी शीळ घालत होतं. मला वाटलं, कुणी तंबूवाला असेल. पडदा सारून पाहिलं तर हे. हातात कुऱ्हाड, आणि लग्नात वाजलेलं ते गाणं. मी पडदा पुन्हा लावून घेतला, माझी चाहूल लागून थांबायला नकोत म्हणून.

फक्त एक आहे. रेंजर डेल्गाडोबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे की हा उन्हाळा परीक्षेचा. पुढच्या वर्षासाठी आणखी एक जोडपं रांगेत आहे. ऑगस्टअखेर त्या ठरवणार. तुझ्या प्रार्थनेत आमची आठवण ठेव.

टोमॅटोंना पाणी घालतेस ना? तुझी माया तिथल्या नळासारखी चालू राहू दे.

तुझी
लव्हॉन

---

हॅस्टन, नेब्रास्का
२० जून

चि. लव्हॉनला अ. आ.

तुझं पत्र पोस्टमास्तरने दिलं तेव्हा दुकानात चार बायका होत्या. मी ते तिथेच मोठ्याने वाचलं आणि चौघींनाही कळलं की माझी बहीण छप्पन्नाव्या वर्षी जंगलात संडास धुते आहे. तळघरातल्या संडासाला निदान अस्वल तरी येत नव्हतं.

टोमॅटो ठीक. मी त्यांना पाणी घालते आणि तुला नावं ठेवते, दोन्ही रोज. माझी नोरीन बॉयसीहून फोनवर म्हणाली की मावशीचं काय छान चाललंय. तिला म्हटलं, तुझी मावशी चहाची वापरलेली पुडी वाळवून पुन्हा वापरते, तिला जंगल काय आणि महाल काय.

मी दिलेला निळ्या चौकड्यांचा अ‍ॅप्रन तिथेही नेला असशील. सोळा वर्षं झाली त्याला. आता तरी टाक, माझी लाज जाते.

आमचे मेहुणे शीळ घालतात हे वाचून मात्र बरं वाटलं. फार बरं वाटलं. हे त्यांना सांगू नकोस, शेफारतील.

थट्टा कितीही केली तरी पाठीशी आहे हे जाणून असावं.

आर्डिथ

---

एल्डर फ्लॅट
१९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझ्या हातून चूक झाली, आणि ती यांच्या पदरात पडते की काय अशी भीती आहे.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. लोक तळ सोडून जाताना कड्याशेजारी जळण टाकून जायचे. चांगली फोडलेली, कोरडी लाकडं. मला वाटलं, काय ही उधळपट्टी. मी रोज सकाळी हातगाडी घेऊन निघायची, चौदाही जागा झाडून साफ करायची आणि सगळं लाकूड आमच्या ट्रेलरमागे ताडपत्रीखाली रचून ठेवायची. रास खांद्याला लागली. माझ्यावरच खूश होते मी. त्यावर बीन्स शिजवले, बिस्किटं भाजली.

गेल्या आठवड्यात तीन दिवस पावसाची झड लागली. चौथ्या दिवशी दुपारी, पाऊस चालूच असताना, जागा नंबर सातवर टॉलेफसन म्हणून एक म्हातारे आले, लेक आणि दोन नातवंडांना घेऊन. तीस वर्षं येतात. पोरांचे ओठ निळे पडलेले. म्हातारबुवांनी कड्याशी पाहिलं, काही नाही. नंबर सहावर पाहिलं, काही नाही. जंगलातलं सगळं लाकूड भिजलेलं. मग माझ्या चुलीचा धूर पाहून ते ट्रेलरमागे आले आणि ती रास त्यांना दिसली.

रागावले असते तर सोपं गेलं असतं. टोपी काढून म्हणाले, “बाई, हे लाकूड तुमचं नाही. गेलेल्यांनी येणाऱ्यांसाठी ठेवलेलं आहे.”

ताई, इथे रीतच आहे तशी. पाटी नाही, नियम नाही. ज्याने कोरडं जळण वापरलं, तो निघताना तेवढंच फोडून ठेवतो, आणि कुणासाठी ते त्याला कधीच कळत नाही. आपण रविवारी दानाच्या थाळीत टाकतो तेव्हा शेजारी कोण बसलंय हे तरी ठाऊक असतं. मी लाकडांना उधळपट्टी समजले आणि दीड महिना परक्यांच्या देण्यावर बिस्किटं भाजली.

यांनी हातगाडी काढली, आधी सातवर भरून नेली, स्वतः गुडघ्यावर बसून विस्तव पेटवून दिला. मग पावसातच एकेक जागेवर लाकूड परत ठेवत गेले. मी मागून ताडपत्री धरून.

टॉलेफसन म्हणाले की ते तक्रार लिहिणार नाहीत. पण अहवालात “तक्रारी व चुका” असा रकाना आहे. मी आयुष्यात वहीत खोटं लिहिलेलं नाही, आणि रिकामा रकानाही खोटंच. मी सगळं लिहिलं आणि यांच्यापुढे ठेवलं. यांनी दोनदा वाचलं. खिडकीबाहेर बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, आता पुन्हा त्या खिडकीशी बसलेले दिसतात की काय. मग पेन मागितलं आणि माझ्या नावाखाली सही केली.

तेव्हापासून शीळ बंद आहे.

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस, या वेळी तिची खरी गरज आहे.

लव्हॉन

---

हॅस्टन
२८ जुलै

चि. लव्हॉनला अ. आ.

तुला अहवालात लिहायला कुणी सांगितलं होतं? म्हातारा गप्प बसला, रेंजरबाई तिथे नव्हती, लाकूड परत गेलं. देवाला माहीत होतं तेवढं पुरे होतं ना? तो काही ऑगस्टअखेर कुणाला काढून टाकत नाही. तुझ्या खरेपणाची किंमत मेहुण्यांनी का मोजावी?

लहानपणी तू आईची बशी फोडलीस आणि कुणी विचारायच्या आत सांगायला धावलीस. मार मलाही बसला, लक्ष का ठेवलं नाहीस म्हणून. अजून विसरले नाही.

रागाने लिहिते आहे. रोज प्रार्थना करते, तीही रागानेच.

आर्डिथ

---

एल्डर फ्लॅट
१ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बशीचं लक्षात आहे. ऑगस्टभर मी काय केलं ते ऐक. माझ्यापुरती चूल बंद. रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक. लाकूड फोडायचे हे, आणि ढलप्यांच्या मोळ्या बांधायची मी. आमचे शब्द दिवसाला दहाच्या वर जात नव्हते, पण काम एकत्र चालायचं.

परवा डेल्गाडोबाई आल्या. नदीकाठी चौदाही जागा फिरल्या. पायाने राख उकरून पाहिली, मोळ्या उचलून पाहिल्या, अहवालाचं अक्षरही काढलं नाही. मी मनात स्तोत्र म्हणत मागून चालत होते. फेरी संपल्यावर त्यांनी यांना विचारलं की एमरी, रंगकाम जमतं का? हे म्हणाले, कोठारावरची अक्षरं चाळीस वर्षं मीच रंगवत होतो.

बाईंनी पाना काढला आणि जागांच्या नंबरांच्या चौदाही फळ्या खांबांवरून उतरवून आमच्या गाडीत टाकल्या. म्हणाल्या, हिवाळ्यात रंगवा आणि मे महिन्यात परत आणून लावा.

एवढंच. स्वतःच्या गाडीत बसल्यावर काच खाली करून मला म्हणाल्या, “तो रकाना माझ्याकडे दरवर्षी कोराच येतो. कोरा पाहिला की मला झोप लागत नाही.”

गाडी वळणाआड जाईपर्यंत हे फळ्यांवरची धूळ बाहीने पुसत होते. मग शीळ आली. तीच.

उद्या निघतो. तुझा राग आम्ही घरी पोचेपर्यंत निवलेला असावा, माया मात्र तशीच ऊन.

लव्हॉन

---

बॉयसी
१२ ऑक्टोबर

चि. लव्हॉनला अ. आ.

तुला न सांगता एक केलं. नोरीनकडे आले होते, तिला म्हटलं, चल, मावशीचं ते जंगल दाखव. चार तासांचा रस्ता. पोचलो तेव्हा रिमझिम पाऊस, हाडं कुडकुडवणारी थंडी, आणि तळावर चिटपाखरू नाही. संडासाला कुलूप होतं, पण पायरी घासून लख्ख केलेली होती. ती तूच घासलेली, मी ओळखली.

फळ्या नव्हत्या, त्यामुळे कुठली जागा कितवी ते कळेना. एका मेजापाशी थांबलो. कड्याच्या आडोशाला सालीने झाकलेलं काहीतरी होतं. साल बाजूला केली तर कोरडी लाकडं, वर ढलप्यांची मोळी, आणि मोळीला निळ्या चौकड्यांची चिंधी. आई वाटाण्याच्या वेलांना मारायची ती गाठ.

मी दुसरीकडे गेले, तिथेही निळी चिंधी. तिसरीकडे. पावसात भिजत मी चौदाही जागा फिरले, लव्हॉन. जो सोळा वर्षांचा अ‍ॅप्रन टाक म्हणून मी तुझ्या मागे लागले होते, तो तू अशा लोकांसाठी फाडलास की जे तुला कधी दिसणार नाहीत.

आम्ही विस्तव पेटवला. नदी काय वाहते गं. मी तुला अस्वलांवरून चिडवलं ते मागे घेते. तासभर बसलो, कॉफी केली, आणि दोघीही काही बोललो नाही. तुम्ही दोघं दहा शब्दांत दिवस कसा काढता ते तिथे समजलं.

निघताना नोरीन उरलेलं जळण गाडीत घालायला लागली, घरच्या शेकोटीला होईल म्हणाली. मी तिला म्हटलं, “ठेव ते. ते आपलं नाही.” मग माझ्याच लक्षात आलं की आपण घेतलं, ठेवलं काहीच नाही. कुऱ्हाड नव्हती. नोरीनची सफरचंदांची लाकडी पेटी गाडीत होती, ती दगडाने फोडली. बोटाला लागलं. तुझी चिंधी विस्तवाजवळ काळी पडली होती म्हणून मोळी माझ्या डोक्याच्या रेशमी रुमालाने बांधली. हो, चर्चला जाताना बांधते तोच. नोरीन माझ्याकडे अशी पाहत होती जशी मी तुझ्याकडे पाहत आले.

एमरीच्या फळ्या कुठवर आल्या? घरी खिडकीशी बसूनच रंगवत असतील, पण आता त्या बसण्याला नाव ठेवणार नाही. मे महिन्यात लावल्या की एक कर. जिथून नदी वळताना दिसते आणि डावीकडे एक एल्डरचं झाड पाण्यावर वाकलं आहे, त्या जागेचा नंबर कळव. जूनमध्ये मला तिथे तंबू ठोकायचा आहे.

रुमाल मात्र शोधू नकोस. तो मी कुणासाठी ठेवला ते मलाही माहीत नाही.

बशीचा तो मार आज विसरलेली, तुझीच

आर्डिथताई